विषुववृत्तावरचा आळ

मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागतो, नवतपा सुरू होतो आणि यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यात दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. एमआयडीसीतल्या टिनाच्या शेडखाली उभं राहवत नाही. कूलरच्या टाकीत दोनदा पाणी भरावं लागतं. अशा वेळी चहाच्या टपरीवर डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले कोणी काका हमखास म्हणतात, ‘आपल्याइथंच एवढं तपून राह्यलं, त तिकडे इषुववृत्तावर मानसाचं काय होत असन बाप्पा!’ बाकीचे माना डोलावतात. शाळेत शिकलेला भूगोल आणि अंगावर आलेली झळ यांचा मेळ बसल्याचं समाधान त्या मानांमध्ये असतं.

या समजुतीचं खंडन हा या लेखाचा विषय आहे. समजूत काही एकट्या टपरीची नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, प्रवासवर्णनांत, इतकंच काय, शिकल्यासवरलेल्यांच्या बोलण्यातही ‘विषुववृत्तीय’ हा शब्द ‘भाजून काढणारा’ या अर्थानं येतो. खंडनासाठी मी एक साक्षीदार निवडला आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, गॅबॉनच्या किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेलं साओ टोमे हे बेट आणि त्याच नावाची त्याची राजधानी. दुसरा साक्षीदार शोधायला लांब जावं लागत नाही. ते आपलं लोहारा.

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात पुरुषार्थ नसतो. पूर्वपक्ष असा : विषुववृत्तावर सूर्यकिरण लंबरूप पडतात. लंबरूप किरण कमी जागेवर एकवटतात, त्यामुळे ती जागा जास्त तापते. ध्रुवांकडे जावं तसे किरण तिरपे होत जातात आणि तीच उष्णता जास्त जागेवर पसरते. म्हणून विषुववृत्त सर्वांत उष्ण, आणि तिथून जितकं दूर जावं तितकं थंड. लोहारा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २० अंशांवर. तेव्हा लोहाऱ्यात ४४ अंश, तर विषुववृत्तावर त्याहून जास्त, हे ओघानंच आलं.

यातलं खरं आहे ते आधी मान्य करतो. वर्षभराचा हिशोब केला तर वातावरणाच्या माथ्यावर येऊन पोचणारी सूर्याची ऊर्जा विषुववृत्तावर सर्वांत जास्त, यात वाद नाही. ध्रुव थंड का आणि कटिबंध कसे पडतात, हे त्या तिरप्या-लंबरूप किरणांनीच समजतं. पाठ्यपुस्तक चुकलेलं नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘वर्षभराची बेरीज सर्वांत मोठी’ या वाक्यातून आपण ‘म्हणून तिथलं ऊन सर्वांत कडक’ असं काढतो. वर्षाच्या बेरजेवरून एका दुपारचा अंदाज बांधणं म्हणजे बाराही महिने थोडं थोडं वाहणाऱ्या ओढ्याला, बेरीज जास्त भरली म्हणून, पुरासाठी जबाबदार धरणं.

आता साक्षीदाराची ओळख. साओ टोमे आणि प्रिन्सिपे ही दोन बेटं मिळून एक देश होतो. १२ जुलै १९७५ रोजी तो पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. दोन्ही बेटांचं मिळून क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. साओ टोमे हे मोठं बेट साडेआठशे चौरस किलोमीटरहून थोडंसं मोठं. आपल्या मापात सांगायचं तर यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटर आणि तालुके सोळा, म्हणजे सरासरी तालुका जेवढा भरतो, तेवढं हे बेट. लोकवस्ती दोन लाखांहून थोडी जास्त. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं आहे. कॅमेरून देशापासून समुद्रात नैऋत्येकडे गेलेल्या ज्वालामुखींच्या रांगेतला तो एक मणी. त्याचं सर्वांत उंच शिखर २,०२४ मीटर.

विषुववृत्त नेमकं कुठून जातं? मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाला लागून इल्येउ दास रोलास नावाचं एक चिमुकलं बेट आहे, त्याच्यावरून. गागो कुतिन्यु या पोर्तुगीज नौदल अधिकाऱ्यानं पहिल्या महायुद्धाच्या काळात केलेल्या मोजणीनं ती जागा निश्चित झाली आणि आज तिथं स्मारक उभं आहे. राजधानी बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात, आना शाव्हिश नावाच्या उपसागराच्या काठी, विषुववृत्तापासून सरळ अंतरानं चाळीस किलोमीटरही लांब नाही आणि समुद्रसपाटीला आहे.

ही शेवटची बाब महत्त्वाची. विषुववृत्तावर थंडीही असते हे दाखवायला लोक किटोचं आणि केनियाच्या हिमशिखरांचं नाव घेतात. ते साक्षीदार मी मुद्दाम बोलावत नाही. किटो २,८०० मीटरहून उंच आहे. तिथला गारवा उंचीचा आहे, अक्षांशाचा नाही. प्रतिपक्ष तो पुरावा लगेच फेटाळेल आणि ते बरोबरच होईल. साओ टोमे शहराला उंचीची सवलत नाही. उलट लोहाऱ्यालाच आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहोत. त्या उंचीनं दोन-तीन अंशांची सूट मिळायला हवी. म्हणजे ही तुलना प्रतिपक्षाला झुकतं माप देऊन केलेली आहे.

आणि तरीही निकाल असा : साओ टोमे शहरात दुपारचं कमाल तापमान वर्षभर साधारण २८ ते ३१ अंशांच्या दरम्यान असतं. रात्री ते २१ ते २३ पर्यंत उतरतं. चाळीस अंश तिथं कोणाला माहीत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ ही रोजची गोष्ट, काही दिवशी ४५, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे त्याच्याही पुढे. डिसेंबरात मात्र आपला पारा पहाटे दहाच्या आसपास येतो. एक तालुका वर्षभरात तीस-पस्तीस अंशांचा झोका घेतो. दुसरा ‘तालुका’ दहा-बारा अंशांतच वर्ष काढतो.

हे एकाच बेटाचं कौतुक नाही. जगातले उष्णतेचे विक्रम चाळून पाहा. अमेरिकेतली डेथ व्हॅली, १० जुलै १९१३, ५६.७ अंश, अक्षांश ३६ उत्तर. कुवेतमधलं मित्रिबा, २१ जुलै २०१६, ५३.९ अंश, अक्षांश ३० च्या आसपास. आपलं राजस्थानातलं फलोदी, १९ मे २०१६, ५१ अंश, अक्षांश २७. यांत विषुववृत्तावरचं एकही ठिकाण नाही. विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरवरच्या सिंगापूरचा आजवरचा विक्रम ३७ अंश आहे. एवढं तापमान लोहाऱ्यात मार्चमध्येच होतं आणि त्याची बातमीही होत नाही.

आता प्रतिपक्ष सावरून विचारेल, ‘ते बेट आहे. चारी बाजूंनी समुद्र, म्हणून सौम्य. खंडाच्या पोटात जा, मग कळेल.’ शंका रास्त आहे. मग खंडाच्या पोटात जाऊ. काँगो नदीकाठचं म्बांडाका हे शहर जवळपास विषुववृत्तावरच आहे आणि समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. तिथलं कमाल तापमानही वर्षभर तीस-बत्तीसच्या आसपासच घुटमळतं. उलट केनियातलं गारिसा, तेही विषुववृत्ताला चिकटूनच, पण कोरडं. तिथं पारा ३५ च्या पुढे जातो. म्हणजे रेषा तीच, सूर्य तोच, फरक फक्त ओलाव्याचा. समुद्र हे ओलाव्याचं एक रूप झालं. ढग आणि जंगल ही त्याची दुसरी रूपं.

न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर प्रतिपक्षाचा हेतू सव्यभिचार आहे. जिथं हेतू असेल तिथं साध्य असलंच पाहिजे. ‘लंबरूप किरण’ हा हेतू, ‘तीव्र उष्णता’ हे साध्य. हेतू असून साध्य नसलेलं एकही उदाहरण दाखवलं की अनुमान पडतं. ते उदाहरण दाखवायला साओ टोमेला जायची गरजच नाही. ते आपल्या अंगणात आहे.

लोहाऱ्याच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर मध्यान्ही येतो. एकदा २२ मेच्या आसपास, उत्तरेला जाताना. दुसऱ्यांदा २१ जुलैच्या आसपास, परतताना. दोन्ही दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या पायातच विरते. यालाच अलीकडे वर्तमानपत्रं शून्य सावलीचा दिवस म्हणतात. दोन्ही दिवशी किरणांचा कोन तोच, दिवसाची लांबी तीच, जमीन तीच, गाव तेच. पण मेमध्ये पारा ४३ आणि जुलैमध्ये ३०-३१. कोन उष्णता ठरवत असता तर दोन्ही दिवस सारखेच भाजले असते. मधल्या साठ दिवसांत बदललं काय? आकाश आणि जमीन. मेमध्ये आकाश निरभ्र आणि काळी जमीन भेगाळलेली. जुलैमध्ये वर ढग आणि खाली चिखल. अन्वय-व्यतिरेकाचा इतका स्वच्छ प्रयोग निसर्ग दरवर्षी आपल्या दारात करतो, आणि आपण मान वर करून बघत नाही.

आणखी एक गंमत. जुलैतलं लोहारा आणि वर्षातल्या कुठल्याही दिवसाचं साओ टोमे यांच्या दुपारच्या तापमानात फारसा फरक नाही. तो योगायोग नाही. पावसाळ्यात ढगांचा तो पट्टा, एरवी विषुववृत्ताच्या आसपास वास करणारा, उत्तरेला सरकून भारतावर येतो. श्रावणातल्या विदर्भाला खरं तर विषुववृत्तीय हवा लाभलेली असते, आणि तिला आपण थंडावा म्हणतो.

मग विषुववृत्ताला इतकी ऊर्जा मिळूनही ते का तापत नाही? इथून मंडनाला सुरुवात होते, कारण नुसतं खोडून भागत नाही.

पहिलं कारण ढग. डोक्यावर आलेला सूर्य ओली जमीन आणि समुद्र तापवतो, दमट हवा वर चढते, गार होते, ढग बनतात. म्हणजे तिथलं ऊन स्वतःवर छत्री स्वतःच धरतं. साओ टोमेमध्ये सर्वांत जास्त पाऊस साधारण मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून जातो त्या सुमारास. सूर्य डोक्यावर आणि आकाश झाकलेलं, असा तिथला नियम. जून ते ऑगस्ट हा त्यांचा कोरडा काळ, त्याला तिथले लोक ‘ग्रावाना’ म्हणतात. पण तेव्हा सूर्य उत्तरेला गेलेला असतो, विषुववृत्ताजवळच्या समुद्रात खालचं गार पाणी वर येत असतं, आणि ग्रावाना कोरडा असूनही ढगाळ नि सौम्य राहतो. डोक्यावरचा सूर्य आणि कोरडं, मोकळं आकाश या दोन गोष्टींची तिथं गाठच पडत नाही.

या ढगांची साक्ष विज्ञानाच्या इतिहासातही नोंदलेली आहे. २९ मे १९१९ रोजी आर्थर एडिंग्टन हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ खग्रास सूर्यग्रहणाची छायाचित्रं घ्यायला प्रिन्सिपे बेटावर, सुंडी नावाच्या मळ्यात ठाण मांडून होते. ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे वाकतो की नाही, हे तपासायचं होतं. त्या दिवशी सकाळी गडगडाटासह जोरदार पाऊस झाला. ग्रहणाच्या वेळीही ढग हटेनात. सोळा काचांवर छायाचित्रं घेतली, पण शेवटी गणिताला उपयोगी पडल्या त्या दोनच. तारीख पुन्हा वाचा. २९ मे म्हणजे आपल्याकडे ऐन नवतपा. त्या दिवशी यवतमाळात उभं राहून कोणाला सूर्य दिसला नाही, असं सहसा होत नाही.

दुसरं कारण पाणी. एक ग्रॅम पाणी वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता खाऊन टाकतं. ही उष्णता हवा तापवायला उरत नाही. माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणानं. भरलेला माठ झिरपतो आणि गार होतो. रिकामा माठ उन्हात ठेवला तर हात लावू देत नाही. विषुववृत्तावरची जंगलं आणि समुद्र म्हणजे बाराही महिने भरलेला माठ. आपली मेमधली कपाशीची रानं, पऱ्हाट्या उपटून नांगरून ठेवलेली, म्हणजे रिकामा माठ. आपला कूलर मेमध्ये चालतो आणि जुलैमध्ये नुसता ओलसर वारा फेकतो, हा याच सिद्धान्ताचा घरगुती पुरावा.

तिसरं कारण सर्वांत दुर्लक्षित : सूर्याचा मुक्काम. विषुववृत्त ओलांडताना सूर्य घाईत असतो, रोज जवळपास ०.४ अंश सरकतो. तो तिथल्या माथ्यापासून तीन अंशांच्या आत राहतो तो एका खेपेला पंधराएक दिवस. अशा वर्षातून दोन खेपा. कर्कवृत्ताजवळ मात्र तो मंदावतो, थांबल्यासारखा होतो आणि मागे वळतो. म्हणून लोहाऱ्याच्या माथ्यापासून तीन अंशांच्या आत तो मेच्या दहा तारखेपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सलग ऐंशीहून अधिक दिवस मुक्कामाला असतो. शिवाय विषुववृत्तावर दिवस बाराच तासांचा. आपला मेअखेरचा दिवस तेरा तासांहून मोठा. हे सगळं गणितात घातलं तर २२ मेच्या दिवशी वातावरणाच्या माथ्यावर लोहाऱ्याला मिळणारी ऊर्जा त्याच दिवशी विषुववृत्ताला मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे पंधरा टक्के जास्त भरते. विषुववृत्ताचा वर्षातला सर्वांत जोरदार दिवस घेतला तरी आपण थोडे पुढेच असतो. म्हणजे ढग-पाण्याचा मुद्दा सोडून नुसत्या किरणांवर लढायचं ठरवलं तरी मे महिन्यात पूर्वपक्ष हरतो.

चौथं कारण हवेची फिरती. विषुववृत्तावरून वर चढलेली हवा पुढे सरकून तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती दाबली जाऊन तापते आणि ढग विरतात. सहारा, अरबस्तान, थर ही वाळवंटं याच पट्ट्यात का आहेत, ते यावरून समजतं. जॉर्ज हॅडलीनं १७३५ मध्ये या फिरत्या हवेची मांडणी केली. उन्हाळ्यात आपल्याकडे येणारी वायव्येची कोरडी झळ त्याच वाळवंटी घरातली पाहुणी आहे.

तेव्हा लोहाऱ्याच्या मेमध्ये एकाच वेळी किती योग जुळून येतात ते पाहा. सूर्य माथ्यावर, दिवस मोठा, आकाश उघडं, जमीन कोरडी, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पंचांगातसुद्धा इतके योग एका दिवशी मिळणं कठीण. आपल्या पूर्वजांनी हे भूगोलाच्या पुस्तकाशिवाय ओळखलं होतं. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरच्या नऊ दिवसांना त्यांनी नवतपा असं नाव दिलं आणि मृगाची वाट पाहिली. ताप रोहिणीत आणि उतार मृगात, म्हणजे सूर्याची जागा फार न बदलता आकाश बदलल्यावर येणारा उतार, हे त्या नावांतच बसलेलं आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘विषुव’ म्हणजे दिवस आणि रात्र समान असणं. विषुववृत्त म्हणजे समतेचं वर्तुळ. आपल्या जुन्या ज्योतिषात त्या प्रदेशाला निरक्ष म्हटलं आहे, म्हणजे जिथं अक्षांश शून्य. सिद्धान्तग्रंथांनी लंका त्या रेषेवर मानली आणि तिथं वर्षभर तीस घटकांचा दिवस नि तीस घटकांची रात्र असते असं सांगितलं. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ.स. ११५०) गोलाचं हे गणित सविस्तर आलेलं आहे. पण या कोणत्याच नावात उष्णता नाही. ती आपण मागाहून चिकटवली.

एक प्रतिवाद मी स्वतःच मांडतो, कारण तो खरोखरच वजनदार आहे. नुसता पारा म्हणजे उष्मा नव्हे, शरीराला घाम वाळवता आला पाहिजे. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून मोजलं, तर साओ टोमेच्या ३० अंशांच्या दमट दुपारी ते सुमारे २६ दाखवतं. लोहाऱ्याच्या ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी ते २३-२४ दाखवतं. या मापानं बेटावर घाम वाळणं जास्त कठीण, हे कबूल केलंच पाहिजे. तिथं माणूस चिकचिकतो. पण दुसरी बाजूही आहे. आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. तिथला वारा त्याहून गार, म्हणून झुळूक सुखावते. आपला मेमधला वारा त्याहून तापलेला, म्हणून झुळूकच भाजते आणि शरीराला वाचायला फक्त घाम उरतो, तोही पाणी पोटात असेल तोवर. म्हणून आपल्याकडे ऊन ‘लागतं’. ‘ऊन लागणं’ हा शब्दप्रयोग चिकचिकणाऱ्या प्रदेशात जन्मला नसता.

या समजुतीला आणखी एक जोडसमजूत असते : विषुववृत्तावर सगळीकडे घनदाट जंगल आणि रोज दुपारी चारला पाऊस. राजधानी साओ टोमे तीही खोडते. तिथंही वारे नैऋत्येचेच. बेटाच्या मधोमध उभे असलेले डोंगर त्यांना अडवतात. नैऋत्येच्या उतारावर वर्षाला सहा-सात हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि ईशान्येच्या आडोशाला असलेल्या राजधानीला मिळतो हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे यवतमाळाइतकाच. महाबळेश्वरचा पाऊस आणि फलटणचं कोरडेपण यांची जी गोष्ट, तीच तिथं पन्नास किलोमीटर लांबीच्या बेटावर घडते. बेटाच्या उत्तर टोकाला तर गवताळ माळ आहे. त्यावर चिंच आहे, गोरखचिंचही आहे. यवतमाळचा माणूस तिथं गेला तर चिंचेखाली बसून त्याला फारसं परकं वाटायचं नाही.

‘मग चूक का होईना, बिघडलं कुठं?’ असं कोणी म्हणेल. बिघडलं, आणि फार बिघडलं. हवामानावरून माणसाची लायकी ठरवण्याची युरोपला जुनी सवय. मॉन्तेस्कियूनं १७४८ मध्ये उष्ण हवेतले लोक आळशी आणि भित्रे असतात असं सिद्धान्ताच्या थाटात लिहिलं. त्याच्याआधी पोर्तुगीजांनी साओ टोमेवर १४७० च्या सुमारास पाऊल टाकलं. बेट निर्मनुष्य होतं. तिथं उसाचे मळे घातले आणि आफ्रिकेतून गुलाम आणून ते कसले. पुढे कोको आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हा एवढासा देश काही काळ जगातला सर्वांत मोठा कोको-उत्पादक झाला. गुलामगिरी कायद्यानं संपल्यावरही अंगोलातून आणलेल्या मजुरांना परतीची वाट नव्हती. ते इतकं उघड होतं की १९०९ मध्ये कॅडबरीसह काही ब्रिटिश चॉकलेट कंपन्यांनी तिथला कोको घेणं थांबवलं. अशा सगळ्या मळ्यांमागे जगभर एकच सबब उभी असे : त्या उन्हात गोऱ्याचं शरीर टिकत नाही, काळ्याचं टिकतं.

सबबीची परीक्षा तापमापकावर करू. पोर्तुगालमधल्या अमारेलेजा या गावी १ ऑगस्ट २००३ रोजी पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. साओ टोमे शहरानं तसा दिवस पाहिलेला नाही. म्हणजे जे लोक घरी चाळिशीचं ऊन सोसत होते, त्यांना तिशीचं ऊन सोसवेना म्हणे! गोऱ्यांना तिथं मारलं ते हिवतापानं. डासाचं पाप सूर्याच्या माथी मारलं आणि सूर्याच्या नावावर माणसं विकत घेतली.

पिकांनी मात्र कधी खोटं सांगितलं नाही. कोको हे नाजूक झाड. त्याला सावली हवी, ओल हवी, आणि पारा फार वर किंवा खाली गेलेला चालत नाही. त्याला तो गुण साओ टोमेत मिळाला. आपल्या शेतात ते एक मे महिना काढणार नाही. आपल्याकडे कापूस रुजला, कारण त्याला ऊन मानवतं. उष्ण प्रदेश कोणता, हे कोको आणि कापूस यांना विचारलं असतं तर तीन शतकांचा गोंधळ वाचला असता.

आणि आपल्या बाजूनं बिघडलं ते असं. ‘तिकडे याहून जास्त’ म्हटलं की इथलं ऊन सोसण्याजोगं वाटायला लागतं. मग रोजगार हमीची कामं भर दुपारी चालतात, शाळेच्या वेळा बदलायला उशीर होतो, टिनाच्या छपरावर चुना मारायचं कोणाला सुचत नाही, बांधावरचं झाड तुटतं तेव्हा ‘एकच तर होतं’ म्हणतात. अहमदाबादनं २०१० च्या उष्म्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, कारण त्या शहरानं ते ऊन आपलं मानलं. आपणही तसं मानायला हवं. पाहिला तर उपायही पूर्वपक्षाच्या खंडनातच दडलेला आहे. सूर्याचा कोन बदलणं आपल्या हातात नाही. पण माठ भरलेला ठेवणं, म्हणजे झाडं, तळी, झाकलेली जमीन, हे काही अंशी तरी आहे. उष्णता रेषेनं ठरत असती तर हात जोडून बसण्यापलीकडे काही उरलं नसतं.

टपरीवरच्या काकांना इतका युक्तिवाद ऐकवायची गरज नाही. त्यांच्यासाठी हातभर लांबीची सरळ काठी पुरे. ती अंगणात ओळंब्यानं उभी रोवावी. २२ मेला घड्याळात सव्वाबारा व्हायच्या आसपास तिची सावली नाहीशी होताना बघावी आणि शेजारी सावलीत टांगलेल्या तापमापकाचा आकडा भिंतीवर कोळशानं लिहून ठेवावा. मग २१ जुलैला, ढगांतून तेवढं ऊन फाकलंच तर, सव्वाबारा उलटून गेल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तिथंच यावं. सावली पुन्हा नाहीशी झालेली असेल. त्याच सूर्याखाली, त्याच काठीशेजारी दुसरा आकडा पहिल्याखाली लिहावा आणि वजाबाकी करावी. उत्तर बारा-तेराच्या आसपास येईल. त्या बारा-तेरा अंशांत विषुववृत्ताचा काहीएक हात नाही.